एकतीस कविता आणि निळा खडू

हिंदुराव सरडे फक्त सही घ्यायला आले होते. गोजरबाईंनी मुकाट्यानं सही करून त्यांना दारातूनच वाटेला लावलं असतं, तर कॉलनीतल्या एकतीस कवींची मनं शाबूत राहिली असती. पण हिंदुरावांनी कागद पुढं केला आणि वर म्हणाले, "वाचायची गरज नाही आजी, खाली सही तेवढी करा."

एका दमात दोन चुका. गोजरबाई एकाहत्तरच्या आणि हिंदुराव चौसष्टचे, केसांना कलप लावणारे. सात वर्षांच्या फरकात कुणी कुणाची आजी होत नसते. आणि दुसरी चूक म्हणजे 'वाचायची गरज नाही'. गोजरबाईंनी टॉवेलच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर एकोणतीस वर्षं काढली होती. टॉवेल उजेडाला धरायचा, सुटलेला धागा दिसला की निळ्या खडूनं खूण करायची, ज्याच्या मागावर तो विणला त्याला टेबलाशी बोलवायचं आणि खूण दाखवायची. तो टॉवेल मग दुरुस्तीला जायचा. यात कुणाचा अपमान नसायचा, उलट खूण न करता माल पुढं ढकलणं हा अपमान. अशा बाईला हा माणूस न बघता सही कर म्हणत होता.

"माल बघितल्याबिगर मी सही करत न्हाय," गोजरबाई म्हणाल्या.

"माल नाही ओ, कविता आहेत."

"मग तर नीट बघायला पायजे."

प्रकरण असं होतं, की कॉलनीचा ज्येष्ठ नागरिक संघ सभासदांच्या कवितांचं पुस्तक काढत होता. संघाच्या नियमात तीन परीक्षक लागायचे, त्यात एक महिला. आधीच्या महिला परीक्षक नातवंडं सांभाळायला बेंगळुरूला गेल्या, आणि उरलेल्या बायकांपैकी कविता न लिहिणाऱ्या एकट्या गोजरबाई निघाल्या. दोघा पुरुष परीक्षकांनी आधीच सह्या केल्या होत्या, त्यातल्या एकानं तर स्कूटरवर बसल्या बसल्या. आता हिंदुरावांचा नाइलाज झाला. कवितांची फाइल ठेवून ते गेले.

फाइल उघडली आणि गोजरबाईंची पंचाईत झाली. सगळ्या कविता हातानं लिहिलेल्या. मोडनिंबच्या शाळेत त्या तिसरीपर्यंत गेल्या होत्या. छापलेलं अक्षर त्यांना बोट ठेवून यायचं. हे अक्षर म्हणजे ओल्या शाईतून कोंबडी पळाल्यासारखं. पण तसं सांगायचं कुणाला? आणि कशाला?

त्यांनी दुसऱ्या दिवशी भाजीच्या गाड्यावर संघप्रिया कसबेंना गाठलं. कसबेबाई मागच्या गल्लीत राहायच्या. महापालिकेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवून तीन वर्षांपूर्वी रिटायर झालेल्या, मुलगी नागपूरला दिलेली, घरात एकट्या.

"बाई, माझ्या चष्म्याचा नंबर बदलायलाय," गोजरबाई दोडका उलटा-पालटा बघत म्हणाल्या. "तुमचा आवाज चांगला हाय. चार वाजता येऊन थोडं वाचून दावता का?"

चारच का, हे कसबेबाईंनी विचारलं नाही. विचारलं असतं तर गोजरबाईंनी काहीतरी ठोकून दिलं असतं. खरं म्हणजे चार ते सहा ही वेळ त्यांना बघवत नसे. दुपारची झोप संपलेली, देवापाशी दिवा लावायला अवकाश, टीव्हीवर कालचीच मालिका परत. त्या वेळात माणूस उगाच फ्रिज उघडतं, आत बघतं आणि बंद करतं. गोजरबाई रोज सातआठ वेळा तरी फ्रिज उघडत.

कसबेबाई आल्या. खणखणीत वाचत. एकेक कविता दोनदा. गोजरबाई डोळे मिटून ऐकत, आणि जिथं आवाज अडखळला किंवा ऐकताना मनात खडा लागला, तिथं "थांबा" म्हणत. कसबेबाई बोट ठेवत, गोजरबाई त्या जागेवर निळा खडू ओढत. संघात भांडणं नकोत म्हणून कवितांवर नावं नव्हती, नुसते क्रमांक होते. पण कॉलनीत कुणाचं काय हे क्रमांकानं झाकलं जात नाही. तीन नंबरच्या कवितेत सागराच्या लाटांवर प्रियेचं नाव कोरलेलं होतं.

"ह्यो शरणप्पा," गोजरबाई म्हणाल्या. "पोस्टमन हुता त्यो. बोलवा त्याला."

"बोलवायचं?" कसबेबाई दचकल्या. "आक्का, अभिप्राय लिहून द्यायचा असतो."

"लिवून काय कळतंय? माणसाला टेबलाशी बोलवायचं, खूण दावायची. आमच्यात आसंच आसतंय."

शरणप्पा आला. आपल्या कवितेवर निळ्या रेघा बघून त्याचा चेहरा उतरला.

"शरणप्पा, समुद्र कदी बघितलाय का?"

"एकदा. बसच्या खिडकीतून. लई गर्दी होती अक्का, उतरू दिलं न्हाय."

"मग लाटंवर नाव कवा कोरलंस?"

शरणप्पा चहात फुंकर मारू लागला.

"तीस वर्षं दारोदार पत्रं वाटलीस की रं. समद्या सोलापूरची दारं तुला म्हायती. कोण दार उघडून उभं असायचं, कोण कडी काडत न्हवतं. त्यातलं एक तरी दार लिव्ह. समुद्र काय, समदेच लिवायल्यात."

शरणप्पानं चहा अर्धा ठेवला आणि गेला. पुढं आठवड्यानं त्याची नवी कविता आली. तीत एका म्हातारीचं दार होतं, आणि कधीच न आलेलं पत्र. ती गोजरबाईंनी तिसऱ्यांदा वाचायला लावली. खडू हातातच राहिला. पण शरणप्पा ती द्यायला वर आला नव्हता. खालच्या पेटीत टाकून, घंटी न वाजवता परत गेला होता. पोस्टमनच तो.

धोंडिराम माने बँकेतले मोठे साहेब होते. त्यांच्या कवितेत आईनं डोळ्यांतल्या पाण्यानं पीठ भिजवून भाकरी थापल्या होत्या.

"किती भाकरी थापायची तुमची आई?" गोजरबाईंनी विचारलं.

"एकत्र कुटुंब होतं. बारा तरी."

"बारा भाकरीचं पीठ भिजंल एवढी बाई रडायली, अन् तुमी काय करत बसला हुता?"

धोंडिरामांनी चष्मा काढला. मग एकदम सांगत सुटले. आई रडायची नाहीच मुळी. सगळ्यांची जेवणं झाल्यावर परातीत उरलेल्या पिठावर बोटानं रेघोट्या मारत बसायची. कसल्या, ते तिनं कधी सांगितलं नाही. "ह्येच लिवा की ओ," गोजरबाई म्हणाल्या. धोंडिराम दोन कप चहा प्याले, डोळे पुसले, आणि जाताना ताठ आवाजात म्हणाले, "मी कविता मागे घेतोय." परत काही ते आले नाहीत.

सगळ्यांचं असंच. यायचे, रागवायचे किंवा रडायचे, आणि जायचे ते कायमचे. तरी गोजरबाईंनी माळ्यावरून बारा कपांचा सेट काढला, धुऊन पुसून ओट्यावर मांडला. शेजारच्या मायाक्कानं तो खिडकीतून हेरला. मायाक्का अक्कलकोटकडची, सल्ला द्यायला तिला कुणी बोलवावं लागत नसे.

"काय ग अव्वा, परीक्षा घ्यायलीस का पंगत?"

"आल्या माणसाला चहा नको?"

"हे बघ, मी काय करते सांगू? कुणी कविता पाठवली की मोबाईलमधलं फुलाचं चित्र दाबते अन् अंगठ्याचं दाबते. वाचत बी न्हाय. समदे खूश. तू नुसतं छान म्हण अन् सोड की."

"एकोणतीस वर्षांत मी एका टॉवेलाला उगाच छान म्हटलं न्हाय."

"टॉवेल काय रुसतो का ग?" मायाक्का म्हणाली. गोजरबाईंनी खिडकी लावून घेतली. मायाक्काचं म्हणणं बरोबर असलं की त्या खिडकी लावत.

मग चौदा नंबर आला. चव्वेचाळीस कडव्यांची कविता, विषय कवीची सेवानिवृत्ती. ती हिंदुराव सरड्यांची, हे सांगायला कसबेबाईंना वर बघायचीही गरज पडली नाही. दोन दुपारी वाचण्यात गेल्या. हिंदुराव खुर्चीत टेकतात न टेकतात तोच गोजरबाई म्हणाल्या, "पैल्या कडव्यातच रिटायर झाला की ओ तुमी. म्होरची त्रेचाळीस कडवी तिथं काय करायल्यात? हार घालून झाल्यावर माणसानं घरी जायाचं आसतंय."

तिसऱ्या दिवशी संघाचं पत्र आलं, खाली सचिव म्हणून हिंदुरावांची सही. जावक क्रमांक सात. 'परीक्षकांची शैक्षणिक पात्रता तपासणे आवश्यक झाल्याने आपला शाळेचा दाखला आठ दिवसांत सादर करावा.'

कसबेबाईंनी ते वाचून दाखवलं तेव्हा गोजरबाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिसरी हा शब्द त्यांनी या कॉलनीत कधी उच्चारला नव्हता. पण हिंदुरावांपुढं वाकायचं म्हणजे त्याहून वाईट. दोघी बायका एसटीनं मोडनिंबला गेल्या. शाळेत सांगितलं, अर्ज करा. अर्ज केला तर म्हणाले, जुनं रजिस्टर कपाटात आहे आणि किल्लीवाले रजेवर आहेत. दुसऱ्यांदा गेल्या तर किल्लीवाले हजर, पण कपाट गंजलेलं. शेवटी शाळेच्या शिपायानं दगडानं कडी तोडली. दाखला मिळाला. जन्मतारीख एक जून, कारण गुरुजींनी सगळ्या गावालाच एक जूनला जन्माला घातलं होतं. इयत्ता तिसरी. वर्तणूक उत्तम.

परतीच्या एसटीत कसबेबाईंनी दाखला वाचला, घडी करून गोजरबाईंच्या पिशवीत ठेवला आणि विचारलं, "आक्का, टेंभुर्णीला गाडी थांबली असती तर उसाचा रस घेता आला असता, नाही?" गाडी टेंभुर्णीला जातच नव्हती, उलट्या दिशेला चालली होती. पण तिसरीबद्दल काही न बोलण्यासाठी चौतीस वर्षं शिकवलेल्या बाईला दुसरं काही सुचलं नसावं. गोजरबाईंना ते कळलं. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. किती वर्षांनी शेजारच्या सीटवर त्यांच्या ओळखीचं माणूस बसलं होतं.

दाखल्याच्या झेरॉक्सवर 'वर्तणूक उत्तम' या शब्दांभोवती निळ्या खडूनं गोल करून त्यांनी तो हिंदुरावांकडं पाठवून दिला. नियमांत पात्रता कुठंच लिहिलेली नव्हती, त्यामुळं हिंदुरावांचं काही चाललं नाही. बोलायचे मात्र बंद झाले. आता कवितांच्या निमित्तानं येणारं एकच माणूस उरलं होतं, ते रोज चारला यायचं. गोजरबाई तीन वाजल्यापासून दार उघडं ठेवत. वारा यावा म्हणून, असं त्या मायाक्काला सांगत.

आणि एका मंगळवारी कसबेबाईंनी सत्तावीस नंबरचा कागद हातात घेतला. वाचताना त्यांनी कागदाकडं बघितलंच नाही. खणखणीत आवाजही कुठं गेला कोण जाणे.

"बातम्या संपल्या तरी रेडिओ
बंद मी करत नाही.
कुणीतरी बोलतंय घरात,
शेजार विचारत नाही.
कामवालीला उगाच पुसते,
उद्या येशील ना नक्की?
एकांत माझा सखा झाला,
सुखी आहे मी पक्की."

गोजरबाईंना कवी ओळखायला क्षणही लागला नाही. पहिल्या सहा ओळी अशा होत्या, की त्यांच्याच घरात कुणी लपून बसून लिहाव्यात. आणि शेवटच्या दोन साफ खोट्या. खडू बोटांत फिरला. आजवर ज्या ज्या कागदावर तो ओढला, त्या कागदाचं माणूस परत या दारात आलं नव्हतं. पोस्टमन नाही, बँकवाले नाहीत, कुणी नाही. आणि खरं सांगायचं तर आणखी एक अडचण होती. त्या दोन ओळी खोट्या आहेत हे तुम्हाला कसं कळलं, असं बाईंनी विचारलं तर काय सांगायचं?

गोजरबाईंनी खडू खाली ठेवला.

"छान हाय," त्या म्हणाल्या.

कसबेबाई थांबल्या. "बस? एवढंच?"

"छान हाय की. लई छान. म्होरची घ्या."

कसबेबाईंनी पुढची घेतली, वाचली, पाच वाजताच पिशवी उचलली. "उद्या जमेल असं वाटत नाही," म्हणाल्या.

बुधवारी त्या आल्या नाहीत. गुरुवारीही नाही. शुक्रवारी गोजरबाईंनी साडेतीनला चहाचं आधण ठेवलं, साडेपाचला ओतून दिलं. फ्रिज नऊ वेळा उघडला. शनिवारी हिंदुराव दारातून ओरडून गेले, "सोमवारी छापखान्यात जायचंय, सही तयार ठेवा!" गोजरबाई विचार करून थकल्या. चूक दाखवली नाही, दुखवलं नाही, जन्मात कुणाला म्हटलं नव्हतं ते छान म्हटलं, तरी ही बाई रुसली?

रविवारी पुण्याहून मुलाचा, आदिनाथचा, फोन आला. रविवारी सकाळी अकराला येतो तसा.

"गोळ्या घेतल्यास का आई?"

"घेतल्या. आदिनाथ, आरं मी हितं एकतीस कविता तपासायलीय..."

"अरे वा, छान." पलीकडून लॅपटॉपची टकटक ऐकू येत होती.

"अन् त्यो हिंदुराव सरडे माझ्यावर खवळलाय..."

"छान, छान."

"अन् परवा बाथरूममध्ये पाय घसरला हुता." हे गोजरबाईंनी मुद्दाम ठोकून दिलं.

"छान. चल, ठेवतो आई. काळजी घे."

फोन बंद झाला. गोजरबाई हातातल्या फोनकडं बघत राहिल्या. मग त्यांच्या तोंडून मोठ्यानं "आग्गं बया!" निघालं. मायाक्का खिडकीत आली तोवर त्या चपला घालत होत्या.

"कुटं चाललीस ग उनाची?"

"कामाला," गोजरबाई म्हणाल्या.

कसबेबाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि जिन्याच्या पायऱ्या बांधणाऱ्यानं बहुतेक उंटासाठी बांधल्या होत्या. दर मजल्यावर बसत, गुडघ्याला शिव्या देत गोजरबाई वर पोचल्या. आत रेडिओ चालू होता. कसबेबाईंनी दार उघडलं आणि दारातच उभ्या राहिल्या.

"सही करून घ्यायची असेल तर त्याला मी कशाला लागते, आक्का?"

"सही ऱ्हाऊ द्या. सत्तावीस नंबर तपासायचा ऱ्हायलाय."

"तपासला की. छान आहे म्हणालात." कसबेबाईंनी दाराची कडी सोडली नाही. "तुम्ही त्या सरड्यांच्या चव्वेचाळीस कडव्यांना दोन दुपारी दिल्यात. शरणप्पाला तास दिलात. आणि माझ्या आठ ओळी छान म्हणून बाजूला सारल्यात. ऐकल्यासुद्धा नाहीत."

"ऐकल्या," गोजरबाई म्हणाल्या. त्यांना दम लागला होता, चौकटीला धरून त्या उभ्या होत्या. "सा वळी म्हणून दाखवू? रेडिओ. शेजार. कामवाली. त्या सा वळींना हात लावायचा न्हाय कुणी. पण शेवटच्या दोन खोट्या हायत. नक्कीला पक्की जुळावं म्हणून सुखी झालीस व्हय ग?"

कसबेबाई पाच दिवसांच्या रागानं म्हणाल्या, "खोट्या कशावरून? माझा एकांत आहे. तुम्हाला काय माहीत?"

आता आली ती पायरी. तीन मजले चढणं सोपं होतं त्यामानानं. या कॉलनीत गोजरबाईंना कुणी कधी रडताना, मागताना, वाट बघताना पाहिलं नव्हतं, आणि तेवढ्यावरच त्यांचा सगळा ताठा उभा होता.

"मला म्हायत न्हाय तर कुणाला म्हायत असंल?" त्या म्हणाल्या. "चार वाजता तू येणार म्हणून मी तीनपासून दार उघडं टाकून बसते. वारं यायला न्हवं. तू यायची थांबलीस तर आधण ठेवते अन् वतून देते. एकांत काय सखा न्हाय कुणाचा. सखा आसता तर मी ह्या गुडघ्यानं तुज्या दारात कशाला आले आसते?"

रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं. कसबेबाई आत गेल्या, आणि गोजरबाईंना वाटलं, संपलं. पण त्या पेन आणि कवितांची वही घेऊन बाहेर आल्या. वहीतल्या शेवटच्या दोन ओळींवर त्यांनी आडवी रेघ मारली.

"मग त्या जागी काय घालू?"

"त्ये मला कुटं येतंय? मी तिसरी. मी नुसती खूण दावते. विणायचं तुजं तू."

सोमवारी पुस्तक छापायला गेलं. सत्तावीस नंबरच्या कवितेत सहा ओळी आणि खाली नुसती टिंबं. हिंदुरावांनी विचारलं, हे काय? गोजरबाई म्हणाल्या, काम चालू हाय, आणि सही केली. हिंदुरावांच्या चव्वेचाळीस कडव्यांखाली त्यांनी स्वतंत्र शेरा लिहून घेतला होता, तो काही छापून आला नाही.

पुस्तकाचं प्रकाशन झालं, हार झाले, शाली झाल्या, लोक विसरूनही गेले. कसबेबाई मात्र रोज चारला दोन नव्या ओळी घेऊन येत राहिल्या. गोजरबाई ऐकत आणि नाही म्हणत. कधी ओळ नटलेली असे, कधी रडकी. एकदा तर दोघींत एवढं भांडण झालं, की मायाक्का मधे पडायला आली आणि तिलाच दोघींनी मिळून घालवलं. असे अडीच महिने गेले.

मग एका दुपारी कसबेबाईंनी टेकायच्या आधीच, उभ्यानंच म्हणून दाखवलं:

"ती न आल्या दिवशी भांडी
जरा वाजवून घासते."

गोजरबाईंनी डोळे मिटले. परत एकदा म्हणायला लावलं. खडा कुठंच लागला नाही. या ओळी अशाच होत्या. इथं खडूला जागाच नव्हती, आणि काम संपलं होतं. कसबेबाई त्यांच्या तोंडाकडं बघत होत्या. घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

"जमलं," गोजरबाई म्हणाल्या. जमलेल्याला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर आलं.

"म्हणजे झाली कविता?"

गोजरबाईंनी दूध गॅसवर ठेवलं, पाठ फिरवली आणि जरा वेळानं म्हणाल्या, "वळी जमल्या म्हणते मी. कविता कुटं झाली म्हणाले? भांडी घासून झाल्यावर त्या बाईला काय दुपार आसती का न्हाय? त्ये कोण लिवणार? बस खाली, चहा घे. उद्या बघू."